युरोपच्या भिशीतला आपला हप्ता

संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ वाटून झाला की चहाच्या टेबलाशी विजेच्या बिलाचा विषय निघतोच. तिथून गाडी सरकारवर येते आणि सरकारवरून युरोपवर. यंदा एका स्नेह्यांनी सरळ विचारले, "आपण २०२० साली युरोपातून बाहेर पडलो ना? मग संशोधनाच्या नावाखाली अजून दरवर्षी त्यांना पैसे कशाला द्यायचे? त्यापेक्षा आमची बिले कमी करा म्हणावे." प्रश्न रास्त आहे. उभ्या उभ्या, हातात बशी धरून, त्याचे उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेखप्रपंच. माझी सगळी नोकरी वीजपुरवठ्याच्या खात्यात गेली, तेव्हा माझे मत अगदी तटस्थ असेल असे वाचकांनी समजू नये.

आधी हिशोब बघू. 'होरायझन युरोप' हा युरोपियन युनियनचा संशोधनाचा कार्यक्रम २०२१ ते २०२७ असा सात वर्षांचा आहे आणि त्याचा एकूण निधी सुमारे ९५.५ अब्ज युरो. ब्रिटन १ जानेवारी २०२४ पासून त्यात सहयोगी देश म्हणून पुन्हा दाखल झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये समझोता झाला तेव्हा ब्रिटनची वर्गणी वर्षाला सरासरी २.४३ अब्ज युरो धरली होती, म्हणजे साधारण २.१ अब्ज पौंड. आकडा ऐकून छाती दडपते. पण देशाची लोकसंख्या सातएक कोटी. भागाकार केला की माणशी वर्षाला तीस पौंड येतात, चौघांच्या घराला एकशेवीस. टीव्हीचे लायसन्स याहून महाग आहे. शिवाय हा सगळा पैसा ऊर्जेवर जात नाही. कर्करोगापासून शेतीपर्यंत अनेक विषय त्यात आहेत. हवामान, ऊर्जा आणि वाहतूक या विभागाला साधारण पंधरा अब्ज युरो, म्हणजे जेमतेम सहावा हिस्सा. थोडक्यात, ऊर्जेच्या संशोधनापोटी चौघांच्या घरामागे वर्षाला वीसएक पौंड. वेम्बलीला दोघांनी थाळी खाल्ली तर एवढे होतातच.

आता वहीचे दुसरे पान उलटा. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वसाधारण घराच्या वीज आणि गॅसच्या वार्षिक बिलाची कमाल मर्यादा १,२७७ पौंड होती. जानेवारी २०२३ मध्ये ती ४,२७९ पौंडांवर गेली. सरकारने मध्ये पडून बिल २,५०० पौंडांच्या आसपास रोखले खरे, पण वरचा फरक सरकारने स्वतःच्या खिशातून थोडाच दिला? तो आपल्याच करातून गेला. रशियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला केला, आधीच चढलेला गॅसचा भाव आणखी भडकला आणि त्याच्यामागे विजेचाही भडकला. या देशात बहुतेक वेळा घाऊक विजेचा भाव सर्वांत महागड्या चालू केंद्रावरून ठरतो आणि ते केंद्र सहसा गॅसचे असते. वारा फुकट वाहत असला तरी भाव गॅसचा! त्या हिवाळ्यात आपल्या कित्येक ज्येष्ठ सभासदांनी एकाच खोलीत हीटर लावून, अंगावर दोन स्वेटर चढवून दिवस काढले. थंड घरात छातीचे आणि हृदयाचे विकार बळावतात, तेव्हा हा विषय या पानाच्या आरोग्याच्या अर्ध्या भागातही बसतो.

वर्षाला वीस पौंडांचा हप्ता आणि एका वर्षात हजाराहून जास्त पौंडांचा फटका, हे दोन आकडे शेजारी ठेवले की मला ही वर्गणी विम्यासारखी वाटते. पण विम्यापेक्षा भिशीची उपमा जास्त चपखल बसेल. सगळे देश हप्ता भरतात. फरक एवढाच की ही भिशी पाळीने लागत नाही, चिठ्ठ्याही टाकत नाहीत. ज्याचा प्रस्ताव उत्तम त्याला ती लागते आणि उत्तम कोणता हे बाहेरचे तज्ज्ञ ठरवतात. मूळ संशोधनाच्या प्रकल्पांचा मान्य खर्च शंभर टक्के मिळतो. बाजाराच्या जवळ आलेल्या कामांसाठी खाजगी कंपन्यांना सत्तर टक्क्यांपर्यंत मिळतो, बाकीचे त्यांनी घालायचे.

या भिशीची आणखी एक अट आहे. सहकार्याच्या प्रकल्पात सर्वसाधारणपणे तीन वेगवेगळ्या देशांतल्या किमान तीन संस्था लागतात. विद्यापीठांतली मंडळी या अटीवर कुरकुर करतात: कागदपत्रे वाढतात, बैठका वाढतात, एका सहीसाठी महिनाभर थांबावे लागते. कुरकुर खरी आहे, पण मला ही अटच या योजनेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. वाऱ्याचेच उदाहरण घ्या. १९८९ साली 'युरोपियन विंड ॲटलस' प्रसिद्ध झाला. डेन्मार्कच्या रिसो प्रयोगशाळेने तो तयार केला आणि पैसा युरोपियन कमिशनचा होता. निरनिराळ्या देशांच्या हवामान केंद्रांवरच्या नोंदी घेऊन, डोंगर, झाडी, इमारती यांचा परिणाम वजा करून, कुठे किती वारा मिळेल हे काढण्याची एकच रीत त्यात बसवली. प्रत्येक देशाने आपापली रीत काढली असती तर नकाशे एकमेकांना जुळलेच नसते, आणि बँकेचा माणूस कुठल्या नकाशावर विश्वास ठेवून कर्ज देणार होता? पुढे तीच रीत जगभर गेली. भारताचा पवन नकाशा २०१० साली निघाला तोही चेन्नईच्या सरकारी संस्थेने याच रिसोच्या मदतीने केला. (साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरच्या पवनचक्क्या त्याआधीच्या, गैरसमज नको.)

नकाशानंतर चक्की. समुद्रातली जगातली पहिली पवनचक्क्यांची वसाहत १९९१ साली डेन्मार्कमध्ये विंडेबी इथे उभी राहिली. अकरा चक्क्या, प्रत्येकी ४५० किलोवॅट, सगळ्या मिळून पाच मेगावॅटसुद्धा नाही. युरोपच्या पैशावर २००६ ते २०११ या काळात 'अपविंड' नावाचा मोठा संयुक्त प्रकल्प झाला. त्याने वीस मेगावॅटची एक चक्की तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे असा निष्कर्ष काढला, तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या. यॉर्कशरच्या किनाऱ्यापलीकडे डॉगर बँकवर ऑक्टोबर २०२३ पासून वीज देऊ लागलेली एकेक चक्की तेरा मेगावॅटची आहे. म्हणजे विंडेबीची अख्खी वसाहत अडीच वेळा एका खांबावर!

ॲबरडीनच्या खाडीतला प्रकार तर ऐकण्यासारखा आहे. तिथे २०१८ साली अकरा चक्क्यांचे एक प्रायोगिक केंद्र सुरू झाले आणि त्यासाठी युरोपने चार कोटी युरोपर्यंतचे अनुदान दिले. जवळच्या एका गोल्फच्या मैदानाच्या अमेरिकन मालकांना समुद्राचे दृश्य बिघडणार म्हणून ते नको होते. ते थेट इथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि डिसेंबर २०१५ मध्ये हरले. पुढच्याच वर्षी ते आपल्या देशाच्या अध्यक्षपदी निवडून आले, नाव सांगायची गरज नाही. पण मला जास्त रस आहे तो त्या चक्क्यांच्या पायात. एरवी समुद्रात खांब रोवायचा म्हणजे प्रचंड हातोड्याने ठोकायचा, आणि त्या आवाजाने डॉल्फिन सैरावैरा होतात. इथे तीन पायांच्या तिवईखाली पोलादी बादल्या उलट्या बसवल्या. बादली समुद्राच्या तळावर टेकवायची आणि आतले पाणी पंपाने ओढून घ्यायचे, की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ती आपोआप तळात रुतते. एवढ्या मोठ्या आकाराची गोष्ट पहिल्यांदा करून बघायला कुठली बँक कर्ज देईल? पहिल्या प्रयत्नाचा धोका सार्वजनिक पैशाने उचलावा लागतो, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी बँका स्वतःहून येतात.

याचा परिणाम भावात दिसतो का? दिसतो, पण सरळ रेषेत नाही. २०१५ च्या लिलावात समुद्रातल्या पवनविजेला मेगावॅट-तासाला ११४ ते १२० पौंड भाव द्यावा लागला होता, २०२२ मध्ये तो ३७ पौंडांवर आला. (हे आकडे २०१२ सालच्या किमतींत आहेत.) २०२३ च्या लिलावात मात्र पोलाद आणि व्याज महागल्यामुळे समुद्रातल्या पवनविजेसाठी एकही बोली आली नाही, आणि २०२४ मध्ये भाव पुन्हा ५९ पौंडांच्या घरात गेला. उतरलेल्या भावाचे सगळे श्रेय संशोधनाला देणे चूक होईल. लिलावाची पद्धत, मोठी जहाजे, स्वस्त कर्जे या सगळ्यांचा त्यात हात होता. पण तेरा मेगावॅटची चक्की कागदावर आलीच नसती तर लिलाव कशाचा मांडणार होते?

आता माझ्या स्नेह्यांच्या बाजूने बोलतो, कारण त्यांच्या म्हणण्यात एक काटा आहे आणि तो मलाही टोचतो. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधनातून २०१० साली 'ऑक्सफर्ड पीव्ही' ही कंपनी निघाली. सिलिकॉनच्या सौर घटावर पेरोव्हस्काइट नावाच्या पदार्थाचा पातळ थर द्यायचा, म्हणजे सूर्यप्रकाशाचा निळा भाग वरचा थर पकडतो आणि तांबडा भाग खालचा, अशी ही युक्ती. कंपनीला २०१७ मध्ये युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेने दीड कोटी युरोचे कर्ज दिले, त्यामागे युरोपच्या संशोधन निधीचे पाठबळ होते. सप्टेंबर २०२४ मध्ये तिची पहिली व्यापारी पॅनेले गिऱ्हाइकाकडे रवाना झाली. कुठून? जर्मनीतल्या ब्रांडेनबर्गच्या कारखान्यातून. आणि कुठे? अमेरिकेला. डोके इथले, कारखाना तिथला, छप्पर तिसऱ्याचेच. मग आपल्या हप्त्याचे काय झाले, असे कोणी विचारले तर त्याला गप्प बसा म्हणता येणार नाही. माझ्या मते दोष भिशीचा नाही. जर्मनीत सौर कारखान्याची इमारत होती, यंत्रे बनवणारे होते, हात तयार होते. इथे तसे काही उभे करण्याची तयारी कुठल्याच पक्षाच्या सरकारने दाखवली नाही. भिशीचा पैसा घरी आणून तो कशात गुंतवायचा हे घरातल्यांनीच ठरवायचे असते.

आणि भिशीतून उठून गेल्यावर काय होते तेही आपण पाहिले आहे. २०२१ ते २०२३ या तीन वर्षांत उत्तर आयर्लंडच्या वादापायी ब्रिटनचा सहभाग लटकला. इथल्या शास्त्रज्ञांचे पैसे बुडू नयेत म्हणून सरकारने हमी दिली, हे योग्यच केले. पण पैसा मिळाला तरी पाटावर बसता आले नाही. इथल्या संस्थांना प्रकल्पांचे नेतृत्व सोडावे लागले. २०२२ मध्ये युरोपियन रिसर्च कौन्सिलने इथल्या शंभराहून जास्त शास्त्रज्ञांची अनुदाने रद्द केली, आणि काहीजण अनुदान टिकवण्यासाठी देश सोडून गेले. प्रस्ताव लिहिणाऱ्यांच्या ओळखी, फोनवर हक्काने विचारण्याचे नाते, हे एकदा तुटले की पुन्हा जुळायला वेळ लागतो. परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षी, २०२४ मध्ये, अनुदाने मिळवण्यात ब्रिटन पाचव्या क्रमांकावर होता. पूर्वी तो जर्मनीच्या खांद्याला खांदा लावून असे. स्वित्झर्लंडही २०२१ मध्ये असाच बाहेर राहिला आणि २०२५ मध्ये परत आला. श्रीमंत देशालाही एकट्याने जमले नाही.

एका बाबतीत मात्र ब्रिटन परतला नाही, आणि त्याची मला खंत वाटते. ऑक्सफर्डशरमधल्या कल्हमला 'जेट' हे अणुसंमीलनाचे युरोपचे सामाईक यंत्र १९८३ पासून चालत होते. २०२३ च्या शेवटच्या प्रयोगांत त्याने पाच सेकंदांत ६९ मेगाज्यूल ऊर्जा दिली. आपल्या बिलाच्या भाषेत १९ युनिट, घरची अडीच दिवसांची वीज, आणि तीही उष्णतेच्या रूपात. एवढ्यासाठी चाळीस वर्षे? हो, कारण सूर्याच्या पोटात चालणारे काम बाटलीत करायचे आहे. त्याच डिसेंबरात जेट बंद झाले. त्यापुढचे यंत्र 'इटर' फ्रान्समध्ये उभे राहते आहे, आणि ब्रिटनने त्यातून अंग काढून घेऊन ६५ कोटी पौंडांपर्यंतचा स्वतःचा कार्यक्रम निवडला. भारत मात्र इटरचा पूर्ण सभासद आहे. त्या यंत्राचे एकोणतीस मीटर उंचीचे बाहेरचे पोलादी पात्र सुरतजवळच्या हजिऱ्याला लार्सन अँड टुब्रोने घडवून पाठवले. ज्या कामाची तालीम ऑक्सफर्डशरमध्ये झाली त्याच्या प्रयोगाला भारत आत आणि ब्रिटन बाहेर, हे मला पटत नाही.

चालू कार्यक्रम २०२७ अखेर संपतो. २०२८ ते २०३४ साठी युरोपियन कमिशनने जुलै २०२५ मध्ये १७५ अब्ज युरोचा नवा प्रस्ताव मांडला. ब्रिटन त्यात आपोआप जात नाही, त्यासाठी नवा करार लागतो. चालू करारात एक चांगले कलम आहे: ब्रिटनला वर्गणीपेक्षा बरेच कमी मिळाले तर त्याची भरपाई व्हावी. ते कलम नव्या करारातही हवे, आणि सोबत इथे शोध लागलेल्या वस्तूचा पहिला कारखाना इथेच निघावा यासाठी सरकारचा वेगळा निधी हवा. आपली बरीच मुले इंजिनिअरिंग आणि विज्ञान शिकत आहेत. त्यांच्या पीएच.डी.च्या जागा याच करारावर अवलंबून राहणार आहेत. भारतातल्या भाचे-पुतण्यांनाही हे सांगून ठेवा, कारण यातल्या मारी क्युरी शिष्यवृत्त्यांना राष्ट्रीयत्वाची अट नसते.

या दोन मागण्यांचे एक पानी पत्र मी माझ्या खासदारांना पाठवले आहे. त्याचा नमुना चिटणीसांकडे ठेवला आहे. ज्यांना आपापल्या खासदारांना पाठवायचा असेल त्यांनी गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात टेबलावरून घ्यावा. पत्ता आणि मतदारसंघ मात्र स्वतःचा घालावा, गेल्या वेळी कौन्सिलच्या पत्रावर तिघांनी माझाच पत्ता तसाच ठेवला होता.