मृग हार्डकोड करू नका!

मृग ७-८ जूनला लागतो. माकणीत आमचे आण्णा अजून त्यावरच पेरणी ठरवतात. पण २०२५ मध्ये मान्सून २५ मेलाच राज्यात शिरला! परतीचंही तेच. मुंबईतून पाऊस परतायची सर्वसाधारण तारीख हवामान खात्याने २०२० मध्ये २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर केली. आपल्याकडे पाऊस असा रेंगाळला, की काढणीला आलेल्या सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटतात, ज्वारीची पेरणीही लांबते. तापत्या हवेत नक्षत्रं तीच, पाऊस तो नाही.

कोडमध्ये तारीख हार्डकोड केली तर आपण शिव्या खातो ना? मग पेरणीची का करायची? आधी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस, जमिनीत ओल, मगच चाड्यावर मूठ. फोनवर आण्णांना हेच सांगितलं. म्हणाले, "मग ये की ओल बघायला!"

काय बोलणार...