डिपॉझिट भरण्याआधी राखीव खाट मागा

घरातल्या पेशंटसाठी मंगळसूत्र गहाण टाकायला निघालेल्या, शेत विकायची बोलणी लावणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला आमची कळकळीची विनंती आहे. पैशांची जुळवाजुळव करण्याआधी एवढंच विचारा: हे रुग्णालय धर्मादाय आहे का?

महाराष्ट्रात चारशेहून अधिक रुग्णालयं धर्मादाय म्हणून नोंदलेली आहेत. मुंबई-पुण्यातली नामांकित, चकचकीत रुग्णालयंही त्यात आहेत, हे अनेकांच्या गावीही नसतं. कुणाला करसवलत मिळाली, कुणाला स्वस्तात जमीन, कुणाला वाढीव चटईक्षेत्र. हे सगळं जनतेचं आहे आणि त्याची परतफेड कायद्यानं ठरवून दिली आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ ककनुसार मुंबई उच्च न्यायालयानं मंजूर केलेली योजना २००६ पासून लागू आहे. त्यानुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. दोनशे खाटांचं रुग्णालय असेल तर चाळीस खाटा तुमच्या-आमच्या हक्काच्या. या उपचारांच्या खर्चासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढायची असते. काउंटरवर त्याला ‘आयपीएफ’ म्हणतात. तातडीच्या रुग्णाला तर डिपॉझिट न मागता दाखल करून घेणं आणि प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करणं बंधनकारक आहे.

आता कुठल्याही मोठ्या बिलिंग काउंटरसमोर तासभर उभे राहा. गावाकडून आलेला माणूस प्लॅस्टिकच्या पिशवीतून केशरी रेशनकार्ड काढतो, त्याला चिकटलेले एक्स-रे सोडवतो आणि काचेपलीकडे सरकवतो. ‘कोटा फुल आहे. आधी डिपॉझिट भरा, मग बघू.’ तो मान डोलावतो आणि बाजूला होऊन मेहुण्याला फोन लावतो. रिकाम्या राखीव खाटांची माहिती धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर असते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. नकार लेखी मागायचा असतो, हेही नाही.

एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात एका महिलेच्या प्रसूतीनंतर झालेल्या मृत्यूवरून डिपॉझिटचा प्रश्न पेटला. मोर्चे निघाले, चौकशी समित्या बसल्या. संताप रास्तच होता, पण त्या काउंटरसमोर रोज उभं राहणाऱ्यांना रोज सोबत लागते. सरकारनं न सांगता तपासण्या कराव्यात, प्रत्येक रुग्णालयाच्या आयपीएफचा जमाखर्च लोकांसमोर मांडावा, ही आमची मागणी आहेच. खाटांचे आकडे रुग्णालयानं द्यायचे आणि धर्मादाय कार्यालयानं मान्य करायचे, याला देखरेख म्हणता येणार नाही. मात्र लेखी तक्रारच पोचली नाही, तर ‘आमच्याकडे काहीच आलेलं नाही’ असं म्हणायला प्रत्येक कार्यालय मोकळं राहतं.

म्हणून उत्पन्नाचा दाखला आजच काढून ठेवा. तहसील कार्यालयातून तो मिळायला दिवस लागतात, आणि आजारपण दाखल्यासाठी थांबत नाही. रेशनकार्डावरची नावं तपासा. गणेश मंडळं, बचत गट, भजनी मंडळं, शिक्षक, आशाताई, तुमच्या हाकेच्या अंतरावरच्या घरांत कुणाकडे दाखला नाही, याची यादी करा आणि त्यांना सेतू केंद्रावर घेऊन जा.

आणि ज्यांना चार ओळींचा अर्ज लिहिता येतो, त्यांनी शेजाऱ्यासोबत रुग्णालयात जावं. बिलिंगच्या खिडकीवर वाद घालत बसू नका, थेट वैद्यकीय समाजसेवकाला गाठा. राखीव खाटेसाठी अर्ज द्या, वर तारीख आणि वेळ घाला. नाही म्हणाले तर कारण लेखी मागा. लेखी देत नसतील तर कोण बोललं, किती वाजता बोललं, ते अर्जाच्या प्रतीवरच लिहून त्याच दिवशी जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात तक्रार दाखल करा आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.