काळवंडलेला कपलर

पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या मोटारसायकलचा पुढचा दिवा रात्री मध्येच मंदावतो आणि चाक खड्ड्यात आदळले की पुन्हा उजळतो. बहुतेक घरांत त्यावर बल्ब बदलण्याचाच उपाय होतो. वस्तुतः बल्बमागचा प्लॅस्टिकचा कपलर काढून पाहिला, तर अनेकदा तो तपकिरी पडून एका कडेने वितळलेला आढळतो. घाटातील वळणावर अकस्मात अंधार होणे म्हणजे काय, हे दुचाकीस्वारास निराळे सांगावयास नको.

जोडणीतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १२ व्होल्टवर ३५ वॅटचा बल्ब सुमारे ३ अँपिअर प्रवाह घेतो. हौसेने बसविलेला १०० वॅटचा बल्ब ८ अँपिअरहून अधिक. प्रवाह तिपटीच्या आत, परंतु त्याच जोडणीतील उष्णता मात्र सुमारे आठपट! त्यात पावसाळ्याच्या ओलाव्याने पितळी पिनेवर थर चढतो, रोध वाढतो, पिन तापते, तापल्याने तिची पकड सैल होते आणि रोध आणखी वाढतो. हे चक्रवाढ व्याजच होय.

‘फ्यूज शाबूत आहे, मग चिंता कसली?’ असा प्रश्न हमखास विचारला जातो. फ्यूज जळतो तो प्रवाह वाढल्यावर. खराब जोडणीत प्रवाह वाढत नाही, किंबहुना थोडा घटतो. त्यामुळे कपलर वितळेपर्यंत फ्यूज स्वस्थ राहतो. वितळलेल्या वायरी एकमेकींना भिडल्या की मात्र तोच एक आधार उरतो. म्हणून त्याजागी चांदीचा कागद गुंडाळण्याची आपल्याकडील युक्ती पेट्रोलच्या टाकीखाली तरी करू नये.

दोष शोधण्यास साधा मल्टिमीटर पुरतो. दिवा चालू ठेवून मीटरची एक सळई जोडणीच्या अलीकडे व दुसरी पलीकडे टेकवावी. चांगल्या जोडणीवर व्होल्टच्या दहाव्या भागाहून अधिक फरक दिसू नये. अर्धा व्होल्ट दिसला, तर ८ अँपिअरला तेथे ४ वॅट उष्णता साठते, आणि तीही नखाएवढ्या जागेत. चौकटीला जोडलेली अर्थची वायरही अशीच तपासावी. रंगाखालचा गंज तेथे पुष्कळदा दडलेला असतो आणि मेकॅनिक ती बहुधा पाहतच नाहीत.

दुरुस्तीपूर्वी बॅटरीची ऋण वायर सोडावी. काळी पडलेली पिन घासून पुन्हा बसविणे फुकट, कारण तिचा ताण गेलेला असतो. तांबे लखलखीत दिसेपर्यंत वायर कापून दोन्ही बाजूंचे टर्मिनल नवे घ्यावेत आणि योग्य पकडीने दाबून बसवावेत. डाग दिलेली वायर कडक होते व इंजिनाच्या कंपनाने तेथेच तुटण्याचा संभव असतो. मोठा बल्ब हवाच असेल, तर फ्यूजसह रिले बसवून प्रवाह थेट बॅटरीतून घ्यावा. मात्र तेवढी वीज गाडीचा अल्टरनेटर पुरवू शकतो का, हे आधी पाहावे. काम झाल्यावर दिवा दहा मिनिटे चालू ठेवून मीटर पुन्हा लावावा.