पावसाची सरासरी आणि सुकापूरचे पाणी

माथेरानच्या डोंगरातून उतरणारी गाढी नदी सुकापूरच्या परिसरातून वाहत पुढे पनवेलच्या खाडीला मिळते. गावाच्या नावाची व्युत्पत्ती काहीही असो. त्याच्या अक्षरांत ‘सुका’ आणि ‘पूर’ हे दोन शब्द शेजारी शेजारी नांदत आहेत, आणि या परिसराच्या पाण्याची कथाही नेमकी तीच आहे. जुलैत गाढी पात्राबाहेर पडते. मे महिन्यात पनवेल परिसरातील माणसांना टँकरची वाट पाहावी लागते. कोकणात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. इतके पाणी जेथे आकाशातून पडते तेथे घागर रिकामी का, या प्रश्नाला राज्यकर्त्यांचे उत्तर ठरलेले असते: निसर्गाने साथ दिली नाही. हे उत्तर तपासून पाहणे अगत्याचे आहे.

निसर्ग लहरी आहे हे खरेच. परंतु त्याच्या लहरींनाही एक रीत आहे. १८९९च्या भीषण दुष्काळाने पावसाच्या अंदाजाचा प्रश्न ऐरणीवर आणला. पुढे १९०४ ते १९२४ या काळात भारतीय वेधशाळांचे प्रमुख असलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या नोंदी पडताळल्या, तेव्हा त्यांना आढळले की प्रशांत महासागर आणि हिंदी महासागर यांवरील हवेचा दाब तराजूच्या पारड्यांप्रमाणे वरखाली होत असतो. पेरूच्या किनाऱ्यावरील कोळी ज्याला ‘एल निनो’ म्हणत, ते समुद्राचे तापणे हे याच तराजूचे दुसरे अंग होय. दोन ते सात वर्षांच्या अंतराने ते येते, आणि त्या वर्षी भारतातील मोसमी पाऊस दुबळा पडण्याचा संभव वाढतो. संभव वाढतो, निश्चिती होत नाही. १९९७चा एल निनो शतकातील प्रबळांपैकी एक होता. तरीही देशात १०२ टक्के पाऊस झाला. २००२चा त्याहून सौम्य होता; पाऊस मात्र सरासरीच्या ८१ टक्क्यांवर अडला. हिंदी महासागराच्या पूर्व आणि पश्चिम भागांतील तापमानाचा फरकही आपला वाटा उचलतो. २०१९ साली तो अनुकूल ठरला आणि पाऊस ११० टक्क्यांवर गेला.

अशा चढउतारांच्या प्रदेशात सरासरी ही फसवी गोष्ट आहे. २००५ साली देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या ९९ टक्के, म्हणजे अगदी यथास्थित होता. त्याच वर्षी २६ जुलैला सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, पनवेल पाण्याखाली गेले आणि रायगड जिल्ह्यात दरडींनी वाड्यावस्त्या गाडल्या. २०२३ हे एल निनोचे वर्ष. पाऊस मुंबईत २५ जूनला, दिल्लीबरोबर एकाच दिवशी पोहोचला. ऑगस्ट तर १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. पण या दोहोंच्या मध्ये, १९ जुलैच्या रात्री, खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या ठाकर आदिवासींच्या वाडीवर डोंगर कोसळला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली. त्या वर्षीची सरासरी ९४ टक्के होती. त्या आकड्यात इर्शाळवाडी कोठेच दिसत नाही.

पाऊस लांबला की भाताची रोपे खाचरात जाण्याआधीच करपतात आणि बियाण्यासाठी पुन्हा कर्ज काढावे लागते. नदीचे गोडे पाणी घटले की भरतीचे खारे पाणी खाडीतून अधिक आत शिरते. गोड्या आणि खाऱ्या अशा दोन्ही पाण्यांवर जगणाऱ्या जिताड्यासारख्या माशाचे जीवनचक्र बिघडते आणि कोळ्याचे जाळे हलके होते. रानभाज्या उशिरा उगवल्या की कातकऱ्याच्या चुलीवरचे भांडे रिते राहते. चढउतार निसर्गाचा असतो. त्याचे ओझे कोणाच्या डोक्यावर ठेवायचे हे मात्र समाजरचना ठरवते.

इतिहास याची साक्ष देतो. १८७६ ते ७८च्या दुष्काळातही प्रशांत महासागर असाच तापला होता. दख्खनमध्ये माणसे अन्नावाचून मरत असताना देशातील धान्य बंदरांतून परदेशी जातच राहिले. १९७२ साली समुद्र पुन्हा तापला आणि महाराष्ट्र होरपळला. परंतु या वेळी श्रमिक जनता कामाचा हक्क मागत रस्त्यावर आली, आणि मे १९७३मध्ये सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यातूनच १९७७चा रोजगार हमी कायदा उभा राहिला. समुद्र तोच होता. राज्यसत्तेवरचा लोकांचा दाब निराळा होता.

पनवेलने हा धडा गिरवला आहे काय? गाढीवरील देहरंग धरण गाळाने भरत गेले आणि उन्हाळ्यात त्याचा तळ दिसू लागला. पुराचे पाणी सामावून घेणारी खाचरे आणि खाजणे भराव घालून इमारतींना दिली गेली. ऑक्टोबर २०२५मध्ये उद्घाटन झालेल्या विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला. विमानांना धावपट्टी हवी, हे मान्य. पण नदीलाही पसरायला जागा हवी, हे कोणत्याच आराखड्याने तितक्या आस्थेने मानलेले नाही. त्यातच मानवनिर्मित तापमानवाढीने निसर्गाच्या जुन्या लहरींना नवी धार चढली आहे. म्हणूनच, हे सारे निसर्गाचेच खेळ आहेत असे म्हणून हात झटकणे आता अधिकच अक्षम्य ठरते.

एल निनोची चाहूल काही महिने आधी लागते. ती वेधशाळेच्या पत्रकात राहू नये, तहसील कचेरीत उतरावी. पाऊस लांबण्याची शक्यता दिसताच पिण्याच्या पाण्याला पहिला हक्क मिळावा, धरणातील गाळ पावसाआधी निघावा, भाताच्या दुबार पेरणीचे बियाणे विनामूल्य तयार असावे. पूररेषेच्या आत नवा भराव पडू नये आणि दरडीखालच्या वाड्यांचे पुनर्वसन दरड कोसळण्यापूर्वी व्हावे. यातील एकही मागणी विज्ञानाच्या आवाक्याबाहेरची नाही. सुकापूरच्या माणसाला सरासरीइतके पाणी कधीच प्यायला मिळत नाही. त्याला त्या त्या दिवशी घागरीत येईल तेवढेच मिळते. नियोजनाचे माप त्या घागरीवरूनच ठरले पाहिजे.