गाणं दारूचं, पन्नी खर्र्याची

परवा भाचा मूलहून आला. स्वयंपाकघरातच मोबाइल लावून म्हणाला, "मावशी, हे ऐक. व्यसनावरचं रॅप आहे, १९८३ चं!" अमेरिकेतल्या मेली मेलचं 'व्हाइट लाइन्स'. पांढऱ्या रेघा म्हणजे कोकेनच्या. नादी लागू नका, असं बजावणारं गाणं. पण ठेका असा की पोळ्या लाटता लाटता माझाही पाय हलू लागला. गाणं संपलं तसा भाचा मागच्या दारी जाऊन पिचकारी टाकून आला. गालात खर्रा होता.

हसूही आलं अन् रागही. पण मैत्रिणींनो, आपलं तरी वेगळं काय आहे? असली गाणी आपल्याला नवी नाहीत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या ठेक्यावर याच मुलखात व्यसनाविरुद्ध सांगितलं. दिवाळीनंतर वडसा भागातली झाडीपट्टीची नाटकं गावोगाव लागतात. त्यात दारुड्या नवऱ्याचा प्रवेश आला की आपण पदर डोळ्याला लावतो. अंक पडला की त्याच पदराची गाठ सुटते अन् पन्नी निघते.

सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला हा खर्रा आपण व्यसनात धरतच नाही. दारूसाठी मात्र लढलो. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपूरसाठी २०१० मध्ये बायका चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ ला बंदी आली अन् २०२१ मध्ये सरकारने ती उठवली, तेव्हा किती चिडलो आपण! गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे. पुढच्या वर्षी सुगंधी तंबाखू-सुपारीही त्यात आली. ती नीट पाळा म्हणून बायकांचा मोर्चा निघाल्याचं मला तरी आठवत नाही. दारू नवरा पितो, खर्रा आपणही खातो, दुसरं काय! गडचिरोलीत २०१६ पासून चाललेल्या 'मुक्तिपथ'ने दारू आणि तंबाखू दोन्ही सोबत धरले, ते मला म्हणूनच पटतं.

बचत गटाच्या बैठकीत हे बोलले, तर एक काकू म्हणाली, "ताई, दारूचं बोला. खर्र्याबिगर रोवणा निघते का?" सगळ्या हसल्या. तिचं खोटं नाही. दिवसभर चिखलात वाकायचं, भूक मारायची. मालकही मजुरीसोबत पन्नी देतो. पण हसताना तिचं तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नव्हतं. सुपारीने गाल आतून असे आखडतात आणि तिथेच पुढे कॅन्सर होऊ शकतो, हे दाताचे डॉक्टर सांगून थकलेत. मी तिला तपासणीला चल म्हटलं. रोवणा झाल्यावर बघू, म्हणाली.

भाच्याला म्हटलं, "अमेरिकेचं राहू दे, खर्र्यावर रॅप कर, आपल्या झाडीबोलीत."

"करतो ना. पण मावशी, मागच्या उन्हाळ्यात आपल्याच घरच्या लग्नात ताटात खर्रा कोणी फिरवला?"

मीच फिरवला होता.