टॅरोचे पत्ते व मनाची चिंता

‘मन चिंती तें वैरी न चिंती’ ही म्हण आपल्या वाडवडिलांनीं उगीच केलेली नाहीं. परीक्षा जवळ आली म्हणजे तिचा प्रत्यय घरोघर येतो. मुलगा पुस्तक उघडून बसलेला असतो, पण त्याचें मन केव्हांच निकालाच्या दिवसापाशीं जाऊन पोंचलेलें असतें. आईबापहि शेजारच्या खोलींत जागेच असतात. अशा वेळीं मनाला कांहीं तरी आधार हवा असतो, आणि हल्लीं कित्येक विद्यार्थी तो मोबाईलवर दिसणाऱ्या टॅरोच्या पत्त्यांत शोधूं लागले आहेत. हें योग्य कीं अयोग्य, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम हे पत्ते आले कोठून तें पाहूं. टॅरोच्या जोडांत ७८ पत्ते असतात. पैकीं ५६ चार रंगांचे व २२ विशेष चित्रांचे. इसवी सनाच्या पंधराव्या शतकांत उत्तर इटलींत ते निघाले ते केवळ खेळासाठीं. आपल्याकडील सावंतवाडीच्या गंजिफांप्रमाणें, तेथील राजघराण्यांसाठीं ते हातानें रंगविलेले असत. पुढें १७८१ सालीं कूर द जेबलँ नांवाच्या फ्रेंच लेखकानें, हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तमधील गूढ ज्ञान होय, असें प्रतिपादन केलें. वास्तविक इजिप्तची चित्रलिपि त्या काळीं युरोपांत कोणालाच वाचतां येत नव्हती. शांपोल्योंनें ती उलगडली ती १८२२ सालीं. म्हणजे विधानाला आधार नव्हता. तरी पत्त्यांवरून भविष्य सांगण्याची प्रथा त्यानंतर फोफावली. आज बहुधा दिसणारीं चित्रें पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीनें काढलेलीं असून तो जोड १९०९ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झाला.

या जोडांत तरवारींची नव्वी म्हणून एक पत्ता आहे. रात्रीं बिछान्यावर उठून बसलेली एक व्यक्ति दोन्ही हातांनीं तोंड झांकून घेत आहे, व मागें अंधारांत नऊ तरवारी दिसत आहेत. पण त्या खोलींत तिच्याखेरीज दुसरें कोणीहि नाहीं! हें चित्र पाहून एखाद्या मुलीला ‘माझेंहि असेंच होतें’ असें वाटलें, व आपणांस कशाची भीति वाटते हें तिनें वहींत लिहून काढलें, तर त्या चित्रानें चांगलेंच काम केलें, असें आम्ही म्हणूं. चिंतेला शब्द मिळाले म्हणजे तिचें माप घेतां येतें. ‘माझें कसें होणार?’ या प्रश्नाला उत्तर नाहीं. ‘भूमितीचीं दोन प्रकरणें राहिलीं आहेत’ याला आहे.

परंतु येथेंच सावध राहिलें पाहिजे. १९४८ सालीं बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें आपल्या ३९ विद्यार्थ्यांना ज्याचें त्याचें म्हणून एकेक स्वभाववर्णन दिलें, आणि तें कितपत जुळतें याबद्दल पांचपैकीं गुण देण्यास सांगितलें. सरासरी ४.२६ गुण पडले. मग उघड झालें कीं, सर्वांच्या हातीं दिलेलें वर्णन एकच होतें! पत्ता ‘तंतोतंत जुळला’ असें वाटतें त्याचें कारणहि हेंच. अर्थ आपण आपल्याच मनांतून त्यांत घालतों. म्हणून पत्ता आपल्या मनाविषयीं कांहीं सुचवूं शकेल. निकालाविषयीं त्याला कांहींच ठाऊक नाहीं.

हा भेद विसरल्यास काय होतें, तें आम्हीं पाहिलें आहे. आमच्या परिचयाच्या एका विद्यार्थ्याला परीक्षेच्या आदल्या रात्रीं कोसळत्या मनोऱ्याचा पत्ता आला. म्हणून त्यानें दुसरा काढला, मग तिसरा. प्रत्येक पत्त्यानें घटकाभर धीर येई, व पुनः शंका उठे. असें करतां करतां मध्यरात्र उलटून गेली. सकाळीं प्रश्नपत्रिका सोपी निघाली. पण येत असलेलीं उदाहरणेंहि त्यानें झोंपेच्या गुंगींत चुकविलीं. मनोरा कोसळला खरा. परंतु तो पाडला कोणीं?

कित्येक पालक म्हणतील, हें खूळ घरांत नकोच. ज्यांच्या धर्मश्रद्धेला शकुन पाहणें मान्य नाहीं, त्यांनीं हे पत्ते अवश्य दूर ठेवावे. त्यांचें कांहींएक अडणार नाहीं. एखादें साधें चित्र किंवा कोरी वहीहि हेंच काम करील.

विद्यार्थीमित्रहो, ज्यांना हीं चित्रें पाहावयाचींच असतील त्यांनीं एकच पाहावें, एकदांच पाहावें, आणि ‘काय होईल?’ असें न विचारतां ‘मला कशाची भीति वाटते, व आज माझ्या हातांत काय आहे?’ असें स्वतःस विचारावें. भविष्य सांगणाऱ्यास एक पैहि देऊं नये. आणि चिंतेनें झोंप व भूक उडाली, तर पत्ते मिटून माणसांकडे जावें: आईबापांकडे, शिक्षकांकडे, डॉक्टरांकडे.

पालकांसहि आमची एक विनंति आहे. मूल पत्ते पाहतें म्हणून रागावण्यापूर्वीं, तें पत्त्यांना कोणता प्रश्न विचारतें, याची एकदां प्रेमानें चौकशी करावी. बहुधा तो प्रश्न त्याला आपणांसच विचारावयाचा होता.