वावरात सापडलेलं नाणं कोणाचं? लाखाच्या गप्पा, कायद्याचा पाऊण वाटा आणि सराफाची भट्टी

अमरावती/अकोला : उन्हाळा आला की वऱ्हाडात जमीन उकरली जाते. विहिरी खोल होतात, तलावातला गाळ वावरात येऊन पडतो, गावठाणातली पडकी घरं पाडून घरकुलाचे पाये खणले जातात. अशा वेळी कुदळीला कधी मडकं लागतं, तर कधी हिरव्या पडलेल्या चकत्या. संध्याकाळपर्यंत गावभर एकच गोष्ट होते, ‘लाखाचं हाय म्हणे!’ दोन दिवसांत निम्मी नाणी वाटली जातात आणि उरलेली सराफाकडे पोचतात. तहसीलची पायरी सहसा कोणी चढत नाही.

यात लपवणाऱ्याचं फार काही भलं होतं असं नाही. नाण्यांना वितळवल्याचा भाव मिळतो, पोलिसांची धास्ती डोक्यावर राहते आणि गावाच्या इतिहासाचा पुरावा भट्टीत जातो. हे असं का घडतं, हे समजायचं तर नाण्याचा भाव कसा ठरतो आणि कायदा काय म्हणतो, या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात.

जुनं म्हणजे महाग नव्हे

घरोघरी सापडणारा राणीछाप किंवा पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा असतो. त्यात सुमारे ९१.७ टक्के, म्हणजे साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते. नाणं सर्वसाधारण सालाचं असेल तर त्याचा भाव त्या दिवशीच्या चांदीच्या आसपासच फिरतो. सहाव्या जॉर्जच्या १९४० ते १९४५ च्या रुपयांत चांदी निम्मीच आहे आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा. तिन्ही रुपयांच्या भावात मोठं अंतर.

शिवराईचंही तसंच. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी हे तांब्याचं नाणं सुरू केलं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. पण पुढे पेशवाईतही शिवराया पाडल्या जात होत्या, त्यामुळे सापडलेली प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळातली नसते. अचलपुरात, म्हणजे तेव्हाच्या एलिचपुरात, मोगलांची टांकसाळ होती. तिथला ठसा असलेलं नाणं वऱ्हाडासाठी मोलाचं आहे, मात्र त्यावरची फारसी अक्षरं वाचणारा माणूस आधी भेटायला हवा.

आणि राम-सीता किंवा हनुमानाचं चित्र असलेलं, १८१८ साल टाकलेलं ‘ईस्ट इंडिया कंपनीचं’ नाणं? कंपनीने असं नाणं कधी काढलंच नाही. ते पूजेसाठी किंवा विक्रीसाठी नंतर बनवलेलं टोकन आहे. त्याच्यापायी कोणी हजारो रुपये मागत असेल तर हात जोडून निरोप द्यावा.

तऱ्हाळ्याचा धडा

नाण्याचं खरं मोल कशात असतं, हे वऱ्हाडानेच दाखवून दिलं आहे. १९३९ मध्ये मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळा इथे सातवाहन काळातल्या नाण्यांचा साठा सापडला. हा भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात होता, आज वाशिममध्ये आहे. नाणी दीड हजारांहून जास्त होती, पण सोन्या-चांदीची नव्हती. पोटीन नावाच्या हलक्या मिश्रधातूची होती. वजनावर विकली असती तर किरकोळ पैसे आले असते.

महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्या नाण्यांचा अभ्यास केला. कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी पुराणांतल्या यादीत नसलेल्या राजांची नावं त्यातून पुढे आली. विदर्भात सातवाहनांची सत्ता कुठवर चालली, याचा तो ठोस पुरावा ठरला. हे जमलं, कारण साठ्यातली बरीचशी नाणी एकत्र राहिली आणि ती कुठे सापडली हे माहीत होतं. तीच नाणी शंभर घरांत वाटली गेली असती, तर एकेक नाणं हातात धरून कोणाला काही सांगता आलं नसतं.

वऱ्हाडातल्या कित्येक गावांत गढ्या आणि पांढरीची टेकाडं आहेत. तिथली माती घरं सारवायला, शेतात टाकायला पिढ्यान् पिढ्या नेली गेली. जुनी वस्ती त्याच मातीत आहे. आता तर जेसीबी एका दिवसात अख्खं टेकाड सपाट करतो.

कायदा काय देतो

जमिनीत दडलेल्या ठेवीसाठी आजही १८७८ चा निखात निधी कायदा लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची ठेव सापडली, तर ज्याला सापडली त्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. काय सापडलं, अंदाजे किंमत किती, कुठे आणि कधी सापडलं, एवढं त्यात लिहायचं. ठेव सरकारी कोषागारात जमा करायची किंवा हमी द्यायची. मग जाहीर सूचना निघते आणि दावेदारांना चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख दिली जाते.

पुढची गोष्ट गावात फार थोड्यांना ठाऊक असते. ठेव बेवारस ठरली आणि जमीनमालकाने हक्क सांगितला, तर वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश मालकाचा. म्हणजे दुसऱ्याच्या वावरात रोजाने खणणाऱ्या मजुराला ठेव सापडली, तर पाऊण वाटा तो मागू शकतो. न कळवल्यास मात्र तो वाटा सरकारजमा होतो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. लपवायला साथ देणारा मालकही सुटत नाही.

मग लोक कळवत का नाहीत? एक कारण भीतीचं आहे. दुसरं कायद्यातच आहे. सरकारला ठेव स्वतःकडे ठेवायची असेल, तर ती धातूची किंमत आणि त्यावर एक पंचमांश जास्त देऊन घेता येते. सोन्याच्या मोहरांना ही रक्कम बरी दिसेल. पण तऱ्हाळ्यासारखी नाणी आज निघाली, तर या हिशेबाने शोधणाऱ्याच्या हातात भंगाराचा भाव आणि वर थोडी रक्कम पडेल. ज्या ठेवीचं इतिहासाला सगळ्यात जास्त मोल, तिलाच सगळ्यात कमी मोबदला!

हा कायदा ज्या इंग्रजांनी केला, त्यांनी स्वतःच्या देशात वाट बदलली. ब्रिटनमध्ये १९९६ च्या कायद्यानुसार संग्रहालयाला ठेव हवी असेल तर बाजारभावाने मोबदला ठरतो आणि तो साधारणपणे शोधणारा व जमीनमालक यांच्यात वाटला जातो. इकडे दहा रुपयांची मर्यादाही १८७८ चीच आहे. तज्ज्ञांनी ठरवलेल्या किमतीवर आणि ठरलेल्या मुदतीत मोबदला मिळाला, तर माणूस सराफाऐवजी तहसीलकडे वळेल. बदल व्हायला हवा तो इथे.

लाखाच्या आमिषाची टोळी

कायद्याची भीती आणि लाखाच्या गप्पा, या दोन्हींचा फायदा ठग घेतात. ‘वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं, ट्रॅक्टरची नोट लाखात घेतो,’ असं सांगून आधी नोंदणी फी, मग कर, मग कमिशन उकळतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच स्पष्ट केलं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहाराशी तिचा संबंध नाही आणि ती कमिशन मागत नाही. फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावं.

दुसरा प्रकार ‘खोदकामात सोन्याची नाणी सापडली, स्वस्तात देतो’ हा. दाखवायला एक खरं, पिशवीत सगळी पितळेची. तिसरा तांदूळ ओढणाऱ्या चमत्कारी नाण्याचा. चौथा सगळ्यात भयंकर, गुप्तधनासाठी मांत्रिक बसवण्याचा. अशा शोधापायी केल्या जाणाऱ्या अघोरी प्रकारांना २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवलं आहे.

सापडलं तर

नाणी चिंच, लिंबू किंवा राखेने घासू नयेत. घासल्याने अक्षरं जातात आणि किंमतही. मडकं फुटलं तरी खापरं जपावीत. जागेवरच फोटो काढावेत, नाणी मोजावीत आणि तलाठी व सरपंचांना बोलावून पंचनामा करून घ्यावा. जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज देऊन त्याची पोच आणि पंचनाम्याची प्रत जवळ ठेवावी. रोजाने काम करणाऱ्याने अर्जात शोधणारा म्हणून स्वतःचं नाव लिहिल्याची खात्री करावी. त्याचा पाऊण वाटा त्या एका ओळीवर उभा असतो.